मूल ठीक आहे

१

ठकू दात बनवायची. म्हणजे कवळ्या. शहरातल्या सात-आठ दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे डब्यांत भरून यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की त्यावर मेणाचा पट्टा बसवायचा, पट्ट्यात एकेक दात रोवायचा, मग घासायचं आणि चकाकी आणायची. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं. कुणाच्या तोंडात काय उरलंय हे तिला बरोबर कळायचं, पण ती तोंडं तिने कधी पाहिली नव्हती आणि पाहावीत असं तिला वाटलंही नव्हतं. बाई नाकासमोर चालणारी होती. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, आईबरोबर राहायची. पाच महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून एकटी राहायची.

आई गेली तेव्हा ती रडली नाही. लोक म्हणाले, मनाची घट्ट आहे हो. घट्ट-बिट्ट काही नव्हती. भुलीचं इंजेक्शन दिलेल्या गालाला कसं काही कळत नाही, तसं तिचं झालं होतं, आणि ती भूल उतरायची वाट बघायचंही तिला सुचत नव्हतं.

ठकू दत्तक होती. यात काही गुपित नव्हतं. दादा पोटचा आणि ठकू हट्टाची, असं वडील हयात होते तोवर चेष्टेने म्हणायचे. आणली तेव्हा लाकडी ठकी बाहुलीएवढीच होती म्हणून ठकू. कुठून आणली, कुणाची, हे आईने सांगितलं नाही आणि ठकूने विचारलं नाही. मग एका डॉक्टराने रक्तदाब मोजता मोजता विचारलं की तुमच्या आईकडे कुणाला हा त्रास होता का. ठकू म्हणाली, माहीत नाही. डॉक्टराने कागदावर एक आडवी रेघ मारली. ती रेघ काही तिच्या डोक्यातून जाईना. आई गेल्यापासून तिला टोचलेली ती पहिली गोष्ट.

तिने रीतसर अर्ज केला. कोर्टाच्या जुन्या हुकमाची नक्कल, जन्माचा दाखला, दोन फोटो आणि जवळच्या एका नातेवाइकाचं नाव. नाव दादाचं दिलं. दादा एका मोठ्या गोदामावर माल उतरवून घ्यायचा आणि दिवसाला शंभरेक पावत्यांवर न बघता सह्या ठोकायचा. ठकूने त्याला फोनवर सांगून ठेवलं, माझ्या कागदांसाठी कुणी चौकशीला आलं तर सही करून दे बाबा, उगाच अडवू नकोस. दादा म्हणाला, मी कधी कुणाला अडवलंय?

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. ठकूला अकराव्या आठवड्यात बोलावणं आलं.

२

कचेरीतली ती खोली तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. समोर समुपदेशक बाई. साठीकडे झुकलेल्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, तोंडात खोकल्याची गोळी. त्यांनी नियम सांगितले. फाइल खोलीबाहेर न्यायची नाही. लिहून घ्यायचं तर पेन्सिलने. जन्म देणाऱ्या बाईचं नाव असेल तिथे कागदाची पट्टी चिकटवलेली आहे, ती सोलायची नाही. त्या बाईंची संमती लागते. तीन पत्रं पाठवली, तिन्ही परत आली.

"रडू आलं तर रडा," बाई म्हणाल्या. "सगळेच रडतात."

ठकूने पान उलटलं. पट्टी. पट्टीखाली वय एकोणीस. उंची पाच फूट एक इंच. शिक्षण सातवी. घराण्यातले आजार या रकान्यात आडवी रेघ. तिने ते दोनदा वाचलं. रुमालांचा डबा बाईंनी बोटभर पुढे सरकवला होता, तो तिने बाईंकडे परत सरकवला. बाई जरा हिरमुसल्या.

त्यानंतर हिरव्या कागदांचा गठ्ठा होता. हे पाठपुराव्याचे कागद, बाईंनी समजावलं. मूल एखाद्या घरी दिलं की विषय तिथे संपत नाही. संस्थेची बाई दर तीन महिन्यांनी त्या घरी जाते, मूल कसं आहे ते बघते, तिथेच लिहून काढते. खाली पालकाची सही घ्यायची. सगळ्यात शेवटी शिफारस, मूल इथेच ठेवावं की परत घ्यावं. दोन वर्षांत अशा आठ भेटी होतात, मग गाठ पक्की.

"तुमच्या वेळची संस्था बंद पडून वीसेक वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "कपाटं जशीच्या तशी आमच्याकडे आली. आम्ही नुसते राखणदार." तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून हाक आली आणि दहा मिनिटांत येते म्हणून त्या गेल्या.

३

पहिला कागद. मूल आठ महिन्यांचे. दूध घेते. अनोळखी माणसाकडे पाहून हसते. मूल ठीक आहे. आई म्हणाल्या, राहू द्या. खाली आईची गोल, शाळेतली वाटावी अशी सही. शिफारस, इथेच ठेवावे.

आठवा कागद. मूल धावते. मोठ्या भावाच्या मागे मागे असते. मूल ठीक आहे. आई म्हणाल्या, राहू द्या.

पण गठ्ठा आठ कागदांवर संपला नाही. ठकूने नववा कागद उलटला. दहावा. मुलाला चष्मा लागला. मूल परीक्षेत नापास झाले, घरी सांगितलेले नाही. तिने मधेच बोट घालून पुढचा उघडला. मूल दातांच्या कारखान्यात जाऊ लागले. नखांत प्लास्टर असते. अक्षर सगळीकडे एकच होतं, बारीक, उजवीकडे कललेलं, कुठे खाडाखोड नाही. बदलत होती ती आईची सही. ती हळूहळू लहान झाली, मग वाकडी झाली, मग थरथरली. आणि प्रत्येक सहीच्या वर ते वाक्य. आई म्हणाल्या, राहू द्या. एके ठिकाणी, ठकू सव्वीस वर्षांची असताना, त्याला जोडून लिहिलं होतं की आईंनी पुष्कळ विनवले, एक वर्ष मागून घेतले.

मुलाच्या केसांत पांढरे दिसू लागले आहेत. मुलाने पलंग खिडकीपासून हलवून भिंतीला लावला. पलंग तिने गेल्या वर्षी हलवला होता. कुणाला सांगायचं कारणच नव्हतं.

शेवटचा कागद तीन आठवड्यांपूर्वीचा होता. घरात पालक उरलेले नाहीत. मूल उभ्याने जेवते. आईंच्या खोलीचे दार मुलाने बंद ठेवले आहे, ते उघडून पाहिले. पालकाच्या सहीची जागा कोरी. आई म्हणाल्या, हे वाक्य या कागदावर नव्हतं. शिफारस, जवळच्या नातेवाइकाची सही घेऊन मूल परत घ्यावे.

बाई परत आल्या तेव्हा ठकू कॅलेंडरकडे बघत बसली होती. घाबरायला हवं हे तिला समजत होतं. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं की पालकच वारले तर दत्तक मुलाचं काय होतं.

"संस्थेकडे परत येतं," बाई म्हणाल्या. "नातेवाइकांची हरकत नसेल तर. पण ते लहान मुलांचं हो. तुम्ही कशाला काळजी करता?"

"तुमच्याकडून कुणी घरी जातं का? अजून?"

बाईंना हसू आलं. इथे फायली उचलायला माणूस मिळत नाही, घरी कोण पाठवतो, असं म्हणून त्यांनी दुसरी गोळी तोंडात टाकली. ठकूने फाइल मिटून त्यांच्याकडे दिली. आठव्यानंतरचे हिरवे कागद तिने दाखवले नाहीत. दाखवले असते आणि बाईंनाही ते दिसले असते, तर मग पुढे काय बोलायचं हे तिला माहीत नव्हतं.

४

घरी जाताना तिने बसमध्ये सगळं नीट लावून पाहिलं. आईने हौसेने ते कागद स्वतःच लिहून पाठवले असतील. पण अक्षर आईचं नव्हतं. आईने कुणाकडून लिहून घेतले असतील. पण शेवटचा कागद आई गेल्यानंतरचा होता. मग कचेरीतल्या कुणाची तरी टवाळी. पण त्या कुणाला तिच्या पलंगाचं काय ठाऊक? नसती उठाठेव केली आपण, असं तिला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आईच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. पाच महिने तिने ते लोटून, वरून खिट्टी लावून ठेवलं होतं. खिट्टी जुनी आहे, ढिली पडली असेल, असं ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त पलंगाच्या कडेला चादर दबली होती. कुणीतरी टेकून उठावं इतकीच. ती दबलेली जागा तिने हाताने सारखी केली आणि मग तो हात धुतला.

हात धुताना तिला कप आठवले. वर्षातून तीन-चारदा ती कामावरून यायची तेव्हा ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. आई आतल्या खोलीत पडलेली असायची, दिवसभर ओझी वाहिल्यासारखी दमलेली. ठकूला जवळ बोलवायची, तिच्या केसांवरून हात फिरवायची आणि आज लवकर झोप म्हणायची. शेजारच्या शिंपीणबाई येऊन गेल्या असतील, असं ठकू धरून चालायची.

ती शिंपीणबाईंकडे गेली. त्यांनी मशीन थांबवलं. तीस वर्षांत तुमच्या आईने मला एकदाही चहाला बोलावलं नाही, त्या म्हणाल्या, आणि ही तक्रार त्यांनी बरेच दिवस जपून ठेवलेली दिसली. मग जरा वरमून त्यांनी सांगितलं की पाहुणी मात्र यायची कुणीतरी. भिंत पातळ आहे, ऐकू येतंच.

"पाहुणीचा आवाज कधी आला नाही. तुमच्या आईचाच यायचा. सारखं आपलं, राहू द्या, राहू द्या. पाया पडल्यासारखं. मी म्हटलं, घर खाली करायला सांगतंय की काय कुणी."

ठकू घरी येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बेचाळीस वर्षं आई दर तीन महिन्यांनी तिला मागून घेत होती. एकदाही बोलली नव्हती. भूल तेवढ्यापुरती उतरली. आपण इथल्या आहोत हे आपण फुकट धरून चाललो, असं तिला वाटलं. तिला त्या घरातून कुठेही जायचं नव्हतं. पलंग भिंतीशी, खिट्टी ढिली, ओटा एका बाजूने खचलेला, तेच तिला हवं होतं.

५

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गोदामावर गेली. दादा धक्क्यावर उभा होता, मागे ट्रक, हातात पावत्यांचा गठ्ठा. तिला बघून त्याने लांबूनच विचारलं, "काय गं ठके, कुणी मेलं काय?" आणि मग जीभ चावली.

ती त्याला बाजूला घेऊन गेली. फाइलबद्दल सगळं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याने तिला थेट दवाखान्यात नेलं असतं. एवढंच म्हणाली की एक बाई येईल, कागद पुढे करेल, त्यावर सही करायची नाही. तिला सांगायचं, ठकू आमची आहे, इथेच राहील.

दादा गठ्ठा चाळायचा थांबला.

"ती होय? ती येऊन गेली की. सोमवारी."

"सही केलीस?"

"तूच म्हणालीस ना, अडवू नकोस म्हणून." त्याला अजून त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "पावत्यांमध्येच ठेवला तिने कागद. हिरवा होता. तुमची हरकत नाही ना, म्हणाली. मी म्हटलं, माझी कसली हरकत असणार."

बाई दिसायला कशी होती, हे त्याला सांगता येईना. वय सांगता येईना, साडी होती की काय तेही नाही. दिवसभरात पन्नास माणसं समोर येतात, कुणाकुणाची तोंडं बघू, म्हणाला. सांगता सांगता त्याचाही आवाज जरा खाली आला. त्याने पेन खिशाला लावलं, पुन्हा काढलं.

ठकूने विचारलं, "दादा, मी तुमची ना?"

दुसऱ्या कुणी हे हसून घालवलं असतं. दादा हसला नाही. "तुला घरी आणलं तेव्हा आईने तुला माझ्या मांडीवर ठेवलं," तो म्हणाला. "हलू नकोस म्हणाली. मी दुपारभर हललो नाही, पाय बधिर झाला तरी. आता तू कुणाची ते मला विचारतेस?"

मग त्याने मोठ्या भावासारखा कारभार हातात घेतला. तू थकली आहेस, एकटी राहतेस, धड जेवत नाहीस. उद्या गोदामातून लवकर निघून चारला तुला न्यायला येतो, बॅग भरून ठेव, वहिनीला सांगतो, राहा आठ दिवस. ठकूला एकदम बरं वाटलं. एवढं बरं वाटण्यासारखं त्यात काय होतं, हा विचार तिने केला नाही.

६

गुरुवारी दुपारी तिने कामाच्या जागेवरूनच कचेरीत फोन लावला. नातेवाइकाने चुकून केलेली सही मागे घ्यायची तर अर्ज कुणाकडे करायचा, एवढंच तिला विचारायचं होतं. सही कुठली, समुपदेशक बाईंनी विचारलं. ठकू म्हणाली, फाइल काढा, हिरव्या गठ्ठ्याचं शेवटचं पान बघा.

कपाट उघडल्याचा आवाज आला. पानं उलटल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला.

"हे कुणी लावलं?" बाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे असते."

"वाचा."

बाईंनी वाचलं. कागदावरचं वाचायची सवय असलेल्या माणसाने वाचावं तसं, चढउतार न करता. भावाची सही मिळाली. हरकत नाही. भावाला यापुढे त्रास होणार नाही. मुलाबरोबर काही देऊ नये. गुरुवार, दुपारी चार.

मग बाईंनी विचारलं, "आज वार कोणता?" आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवून दिला.

ठकूसमोर एक खालची कवळी अर्धी झाली होती. पुढचे सहा दात बसले होते. तिने मेण थंड होऊ दिलं, सुरी पुसली, मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कुठेतरी गर्दीत जाऊन बसावं, असं एकदा मनात आलं. पण दादा चारला घरी येणार होता. आपण घरी नसलो तर तो दारातून परत जाईल, आणि आज दादाने परत जाऊन चालणार नव्हतं. ती घरी गेली.

७

साडेतीन वाजता ती स्वयंपाकघरात बसली होती. बॅग पायाशी. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर नेहमीचीच माणसं होती. शिंपीणबाईंचं मशीन चालत होतं, थांबत होतं, चालत होतं.

पावणेचारला तिने दादाला फोन केला. निघालास का, एवढंच विचारायचं होतं. त्याने उचलला. मागे ट्रकचा आवाज होता.

"दादा, निघालास?"

"कोण बोलतंय?"

"मी. ठकू."

तो थोडा थांबला. आठवून बघत असावा, कारण माणूस चांगला होता. मग त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, "नाही हो ताई. नंबर चुकलाय तुमचा." तिने घाईघाईने आईचं नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला. हो, ती माझी आई, तो म्हणाला, गेली पाच महिन्यांपूर्वी. पण तुम्ही कोण? मी एकटाच तिला. तिने पुन्हा काही विचारायच्या आत कुणीतरी त्याला पावतीवर सही मागितली आणि तो आलो आलो म्हणत गेला.

ठकूने फोन टेबलावर ठेवला. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं नाही. मग आईच्या खोलीत पलंग करकरला, टेकलेलं माणूस उठताना करकरतो तसा. बेल वाजलीच नव्हती. बेल कशाला वाजेल, हे तिच्या लक्षात आलं. पाहुणी कधीच आत येऊन बसली होती.

दार वीतभर उघडं होतं. ठकू उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला पळता आलं असतं, जिना चार पावलांवर होता. पण पळून ती कुणाकडे जाणार होती? फटीतून पलंगाची कड दिसत होती, त्यावर मांडीवर धरलेला हिरवा कागद, आणि कागदावर फिरणारा हात. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. पेन कागदावर घासत होतं तेवढाच आवाज.

"मला इथे राहायचंय," ठकू म्हणाली. आयुष्यात तिने स्वतःसाठी एवढ्या स्पष्टपणे कधी काही मागितलं नव्हतं. "राहू द्या मला."

पेन थांबलं. हाताने ते वाक्य ऐकून घेतलं, असं तिला वाटलं. मग तो हात कोऱ्या रकान्यावर, जिथे पालकाची सही व्हायची तिथे, क्षणभर टेकला आणि उचलला गेला. पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.

दार उघडलं तेव्हा ठकूने वर पाहिलं नाही. समोर एक बोट आलं, धरायला पुढे केलेलं. शांत होतं ते, घाई नसलेलं. बॅग स्वयंपाकघरातच राहिली. ते बोट धरायला तिला हात डोक्याच्याही वर न्यावा लागला.